दादरला नोकरी, घर बदलापूरला की दादरलाच?

दादरला एका खोलीला जे भाडं पडतं, त्यात बदलापूरला ऐसपैस वन बीएचके मिळतो, खिडकीतून डोंगरही दिसतो. लोकलचा पास स्वस्त. पण बदलापूर सीएसएमटीपासून सुमारे ६८ किलोमीटर. दादरपर्यंत फास्ट लोकलने सव्वा तास, परतताना तेवढाच, स्टेशनची रिक्षा वेगळी. पावसाळ्यात कुर्ला-सायनला रुळांवर पाणी साचलं की घरी कधी पोचू याचा नेम नाही. मी तीन वर्षं हा प्रवास केला; मुलगी निघतानाही झोपलेली, आल्यावरही झोपलेली. त्यामुळे एकट्याने सरळ दादरला कॉट बेसिसवर, म्हणजे इतरांसोबतच्या खोलीत फक्त एका खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन, राहावं. कुटुंब असेल तर बदलापूर घ्या, पण आधी एखाद्या सोमवारी सकाळी आठला तिथल्या फलाटावरून गाडीत चढून बघा.