फ्रेंच ७५ की ब्रिटिश १८-पौंडी? १९१४ ची मैदानी तोफ निवडताना

पहिल्या महायुद्धाचं मॉडेल बांधायचं ठरवलं की बहुधा दोन तोफा समोर येतात: फ्रेंच ७५ मिमी (१८९७) आणि ब्रिटिश १८-पौंडी (१९०४). आधी पल्ला नको, गोळा सुटताना मागे बसणारा धक्का कुठे जिरतो ते पाहा. दोघींचं रूप आणि दुखणी त्यातूनच आली आहेत.

७५ च्या नळीखाली तेल आणि दाबलेली हवा असलेले बंद सिलिंडर. नळी सव्वा मीटरभर मागे येते आणि अलगद जागेवर जाते. गाडा जागचा हलत नाही. त्यासाठी आधी चाकांखाली ब्रेकचे तळवे घालून तोफ रोवावी लागते. मग मिनिटाला १५ गोळे सहज. पण नळी आडवी फिरते जेमतेम ६ अंश. लक्ष्य त्यापलीकडे सरकलं की गाड्याची शेपूट (मागचा दांडा, म्हणजे ट्रेल) उचला आणि पुन्हा सगळं करा. सिलिंडर बिघडला तर मोर्च्यावर उघडायची सोयच नाही, तो कारखान्यातच जातो.

१८-पौंडीत धक्का तेल शोषतं आणि नळी पुढे ढकलतात स्प्रिंगा. त्या नळीच्या वरच्या नळकांड्यात असतात. त्यावर अनेकदा दोर गुंडाळलेला दिसतो, मॉडेलमध्ये तो विसरू नका. सततच्या माऱ्यात या स्प्रिंगा तुटत आणि नळी पुरती पुढे येईना. मात्र त्या बॅटरीतच (तोफांच्या तुकडीतच) बदलता येत. लांब मोहिमेत मला हा गुण फार मोलाचा वाटतो. पुढे स्प्रिंगांऐवजी त्याच जागेत बसणारी दाबलेल्या हवेची यंत्रणा आली.

श्रापनेल गोळा (हवेत फुटून आतल्या गोळ्या फवारणारा) ७५ चा ७.२ किलोचा, १८-पौंडीचा ८.४ किलोचा, आत सुमारे ३७५ गोळ्या. उघड्यावरच्या पायदळासाठी दुसरा सरस. पण युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिशांकडे या तोफेसाठी स्फोटक गोळा नव्हताच, फ्रेंचांकडे होता. (घाईत बनवलेल्या स्फोटक गोळ्यांनी पुढे ७५ च्या नळ्याही फुटल्या.)

टेकडीआडच्या शत्रूपुढे दोघीही लंगड्या. नळी वर उचलताना ७५ ची १८ अंशांवर आणि १८-पौंडीची १६ अंशांवर अडते. १८-पौंडीचा एकदांडी ट्रेल आड येतो, म्हणून त्याखाली खड्डा खणून पल्ला वाढवत. ब्रिटिशांनी अशा कामाला ४५ अंश उचलणारी ४.५ इंची हॉवित्झर (उंच कमानीत मारा करणारी तोफ) जोडीला ठेवली होती.

मार्नच्या लढाईचा (फ्रान्स, १९१४) देखावा असेल तर ७५ घ्या. कूतमधल्या (आजचा इराक) मराठा पलटणी दाखवायच्या असतील तर १८-पौंडीच, कारण सहाव्या पूना डिव्हिजनकडे तीच होती. मात्र पेटीच्या आकाराचा ट्रेल असलेला मॉडेलचा संच घेऊ नका. तो ट्रेल मार्क ४ या नंतरच्या आवृत्तीचा आहे आणि १९१८ पूर्वी आघाडीवर नव्हता.