‘कॉम्पॅक्ट परवान्या’च्या नावाखाली झालेली फसवणूक

अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फिरत्या करारांवर काम करणाऱ्या स्पीच थेरपिस्टांना, आणि त्यातही मुंबई-म्हैसूरला शिकून इकडे आलेल्या आपल्या मंडळींना, २०२३ मध्ये माझ्या बाबतीत जे घडले ते नीट कळावे, म्हणून हे लिहीत आहे.

आधी व्यवस्था समजून घ्यावी लागेल, कारण फसवणूक तिच्याच आधाराने झाली. ‘आशा’चे, म्हणजे अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनचे, प्रमाणपत्र देशभर मानले जाते, पण तो परवाना नव्हे. परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. अर्ज वेगळा, शुल्क वेगळे, कित्येक ठिकाणी बोटांचे ठसे पुन्हा, शिवाय आधीच्या राज्यांकडून पडताळणीचे पत्र थेट नव्या राज्याच्या मंडळाकडे, म्हणजे परवाना देणाऱ्या सरकारी कचेरीकडे, जावे लागते. करार मात्र साधारण १३ आठवड्यांचा असतो, त्यामुळे परवाना येईपर्यंत जागा भरून गेली, असे वरचेवर होते. ही अडचण दूर करण्यासाठी आंतरराज्य ‘कॉम्पॅक्ट’, म्हणजे राज्याराज्यांमधला सामंजस्याचा करार, तयार झाला. घरच्या राज्याचा परवाना असलेल्याला इतर सदस्य राज्यांत काम करण्याची मुभा मिळावी, अशी ती योजना. २०२१ मध्ये दहा राज्यांनी कायदा केल्यावर कॉम्पॅक्ट अस्तित्वात आला आणि २०२३ पर्यंत वीसहून अधिक राज्ये त्यात सामील झाली. परंतु कायदा मंजूर झाला म्हणजे मुभा मिळू लागली, असे नव्हते. नियम ठरायचे होते, राज्यांच्या नोंदी जोडणारी संगणकप्रणाली उभी राहायची होती, आणि तोवर एकाही थेरपिस्टला अशी मुभा दिली गेलेली नव्हती. मला गाठणाऱ्यांनी नेमकी हीच फट हेरली.

फोन करणाऱ्या बाईंनी स्वतःची ओळख ‘परवाना समन्वयक’ अशी करून दिली. माझे घरचे राज्य ओहायो, माझा परवाना क्रमांक, त्याची मुदत हे सगळे त्यांना ठाऊक होते. ही माहिती मंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. पण फोनवर ती अशी सराईतपणे सांगितली गेली, की समोरची व्यक्ती कोणत्यातरी अधिकृत कचेरीतलीच वाटावी. केंटकी, नॉर्थ कॅरोलायना आणि जॉर्जिया या तीन राज्यांचा एकत्रित ‘कॉम्पॅक्ट परवाना’ एकाच शुल्कात काढून देऊ, असे त्यांनी सांगितले. ही तिन्ही राज्ये खरोखरच कॉम्पॅक्टमध्ये होती. पैसे झेलने, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्यात थेट पैसे पाठवण्याच्या सेवेने, मागितले गेले. सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतला प्रत्येकाचा सरकारी ओळख क्रमांक), पासपोर्टची प्रत आणि गुणपत्रिकाही घेतल्या गेल्या.

थोड्याच दिवसांत पीडीएफ आली. वर सोनेरी मोहोर, खाली सही, आणि एका कोपऱ्यात क्यूआर कोड. तो उघडला की माझे नाव आणि ‘सक्रिय’ असा शेरा दिसे. केंटकीतल्या ज्या शाळांशी करार ठरत होता, तिथल्या मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी तो कोड उघडलाच नाही. त्यांनी राज्याच्या मंडळाच्या शोधपानावर माझे नाव टाकले. नोंद सापडली नाही. क्यूआर कोड उघडत होता ते पान मंडळाचे नव्हे, तर मला फोन करणाऱ्या बाईंच्याच कंपनीचे होते. करार तिथेच रद्द झाला. मनुष्यबळ विभागातल्या त्या बाईंची मी आजही ऋणी आहे. परवान्याविना एका जरी मुलाची थेरपी सुरू झाली असती, तरी शिस्तभंगाची कारवाई ओढवली असती, आणि ‘तुमच्यावर कधी कारवाई झाली आहे का’ हा प्रश्न पुढे प्रत्येक राज्याच्या अर्जात उत्तर मागत राहिला असता.

कंपनीचा फोन त्यानंतर लागला नाही. झेलचा व्यवहार स्वतःच्या हाताने मंजूर केलेला असल्यामुळे बँकेने पैसे परत मिळवून देण्यास नकार दिला. मला पैशांपेक्षा कागदपत्रांची काळजी अधिक वाटली. म्हणून इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही पतनोंदणी संस्थांकडे क्रेडिट गोठवले, म्हणजे माझ्या नावावर कोणाला नवे कर्ज काढता येऊ नये. २०१८ पासून ही सोय विनाशुल्क आहे. ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवली, आणि ओहायो व केंटकी या दोन्ही मंडळांना त्या पीडीएफच्या प्रतीसह लेखी कळवले.

अर्ज भरून देण्याचे काम करणाऱ्या प्रामाणिक संस्थाही आहेत, आणि करार मिळवून देणाऱ्या चांगल्या एजन्सी थेरपिस्टने भरलेले परवान्याचे शुल्क परत देतात. पण अर्ज भरून देणारी संस्था फार तर तुमचा अर्ज मंडळाकडे पोहोचवते. ती स्वतः परवाना देऊ शकत नाही. म्हणून कोणी ‘परवाना आला’ असे सांगितले, तर पाठवलेल्या दुव्यावर किंवा कोडवर न जाता त्या राज्याच्या मंडळाचे पान स्वतः शोधून त्यात आपले नाव पाहावे. कॉम्पॅक्टची मुभा असल्याचे कोणी सांगत असेल, तर ते राज्य त्या दिवशी प्रत्यक्ष मुभा देत आहे का, हे कॉम्पॅक्टच्या आयोगाकडेच विचारावे. शाळेत काम असेल तर शिक्षण खात्याचे वेगळे प्रमाणपत्र लागते का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. कॅलिफोर्नियात, उदाहरणार्थ, ते शिक्षक-प्रमाणन आयोगाकडून घ्यावे लागते. ज्यांच्या हाती अशी पीडीएफ आधीच आली आहे, त्यांनी कामाचा पहिला दिवस उजाडण्यापूर्वी संबंधित मंडळाला ईमेल करून लेखी उत्तर मागावे, आणि ते हाती येईपर्यंत एकाही मुलाला तपासू नये.