थुले अर्बन ग्लाइड २ : थंडीच्या सरावात बाबागाडी कितपत उपयोगी पडते

दिवस लहान झाले की हौशी धावपटूच्या आठवड्यात पहिली कात्री लागते ती साध्या, सावकाश धावण्याला. रविवारचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव, घरात आधीच ठरलेला असतो. इंटरव्हलच्या, म्हणजे थांबून थांबून वेगात धावण्याच्या, दिवशीही मूल सांभाळायला कुणीतरी तयार होतं. मधल्या पाच-सहा किलोमीटरांसाठी मात्र कुणाला सांगायचं? अंधार लवकर पडतो, मुलाची झोप, जेवण, सर्दी आड येते आणि मंगळवार-गुरुवार कोरडे जातात. मुलाला बसवून ढकलत धावायची बाबागाडी घ्यायची ती या दोन दिवसांसाठी. सगळा सराव तिच्यावर भागेल अशा हिशेबाने घेतली, तर महिन्याभरात ती जिन्याखाली जाऊन बसते.

थुले कंपनीची अर्बन ग्लाइड २ ही एका मुलासाठीची तीनचाकी गाडी. वजन साडेअकरा किलो, मूल आणि सामान मिळून ३४ किलोपर्यंत भार चालतो. मागची चाकं १६ इंची, हवा भरायच्या टायरची. मागे सस्पेन्शन आहे आणि दांड्याची उंची बदलता येते. आराखडा तसा जुनाच. १९८४ मध्ये फिल बेक्लर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने तान्ह्या मुलाला घेऊन धावता यावं म्हणून गाडीला सायकलची चाकं लावली आणि त्यातून ‘बेबी जॉगर’ निघाली. मोठं चाक फटीत अडकत नाही, लहानसहान खड्डे गिळतं आणि एकदा वेग घेतला की फार ढकलावं लागत नाही. तीन चाकं आहेत म्हणून लहान, भरीव चाकांच्या गाड्याही ‘जॉगर’ या नावाने विकल्या जातात. त्या चालायला ठीक आहेत, धावायला नकोत.

सगळ्यात आधी पुढचं चाक समजून घ्यावं. चालताना ते मोकळं फिरतं आणि गाडी बोटाच्या इशाऱ्यावर वळते. धावताना तेच चाक थरथरायला लागतं, किंवा एखाद्या दगडाला लागून आडवं होतं आणि गाडी कलंडते. म्हणून धावण्याआधी ते सरळ करून लॉक करायचं, आणि लॉक बसला का हे बघण्यासाठी दांडा डावी-उजवीकडे हलवून चाक वळत नाही ना याची खात्री करायची. खटका ऐकू आला म्हणजे काम झालं, असं धरू नये. लॉक केलेल्या गाडीला वळवायचं तर दांडा किंचित खाली दाबून पुढचं चाक जमिनीपासून बोटभर उचलायचं आणि मग वळायचं. नव्या माणसाची पहिल्या दिवशी इथेच फसगत होते. तो दांडा आडवा ढकलत राहतो, गाडी वळत नाही आणि मनगट मात्र दुखतं.

गाडी एका बाजूला ओढते ही या प्रकारातली नेहमीची तक्रार. रिकामी गाडी सपाट जागी पाच-सहा मीटर सरळ सोडायची, पलीकडे धरायला कुणीतरी उभं करायचं. मग त्याच जागी उलट दिशेने सोडायची. दोन्ही वेळा गाडी स्वतःच्या एकाच बाजूला गेली तर पुढचं चाक तिरकं बसलंय. ते नीट बसवून, मॅन्युअलप्रमाणे सरळ करून घ्यावं. एकदा डावीकडे आणि उलट फिरवल्यावर उजवीकडे गेली, तर दोष रस्त्याच्या उताराचा आहे. मागच्या दोन टायरांत हवा कमी-जास्त असली तरीही गाडी ओढते, त्यामुळे ही चाचणी हवा भरल्यानंतरच करायची.

आणि थंडीत हवा उतरतेच. टायर पंक्चर नसतो, फक्त आतली हवा आकसते. घरात २० अंशाला ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेला टायर शून्य अंशाला जवळजवळ २७ दाखवतो. मऊ टायर सपाट रस्त्यावरही गाडी मागे खेचतो आणि फटीवर रिम आपटतो. टायरच्या कडेवर कमाल दाब छापलेला असतो, तो ओलांडायचा नाही. गाडी व्हरांड्यात किंवा गॅरेजमध्ये राहत असेल तर तिथल्याच थंडीत दाब मोजावा. गेज लावलेला साधा हातपंप पुरतो. पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर या छोट्या टायरांना वापरू नये, क्षणात प्रमाणाबाहेर हवा जाते.

हातब्रेक ही या गाडीची मोठी जमेची बाजू. पहिल्या अर्बन ग्लाइडला तो नव्हता. दांड्यातच बसवलेला, पिळून लावायचा हा ब्रेक उतारावर वेग आवरण्यासाठी आहे, गाडी उभी करून ठेवण्यासाठी नाही. उभी करायची तर पायाचा ब्रेक. पिळण्याची पद्धत उघड्या हाताला छान वाटते, पण जाड, गुळगुळीत हातमोज्यात पकड सुटते. तळव्याला रबरी ठिपके असलेले पातळ हातमोजे घ्यावेत. ब्रेकची गरज किती ते एका हिशेबात दिसतं : मूल धरून २४ किलोची गाडी ५ टक्के उतारावर साधारण सव्वा किलोच्या जोराने पुढे ओढते, आणि हा ओढा उतार संपेपर्यंत सुटत नाही. चढावर तेवढाच जोर ढकलण्यात जातो. मनगटाचा पट्टा प्रत्येक वेळी, सपाटीवरसुद्धा, हातमोज्याच्या वरून अडकवायचा. गाडी पुढे ढकलून सोडायची, मग धावत जाऊन पकडायची, अशी एक सवय काही धावपटूंना असते. त्यात श्रम कमी वाटत असतील, पण आत मूल असताना तो प्रकार नकोच.

आता मुलाकडे येऊ. थंडीतली खरी मर्यादा इथेच लागते. ढकलणारा दहा मिनिटांत गरम होतो आणि जाकिटाची चेन उघडतो. आतलं मूल मात्र हलत नाही आणि धावण्याच्या वेगाचा वारा समोरून अंगावर घेत बसतं. किलोमीटरला ६ मिनिटं म्हणजे ताशी १० किलोमीटर. बाहेर शून्य अंश असताना एवढ्या वाऱ्यात उणे ३ असल्यासारखं जाणवतं. त्यात समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर उणे ६-७. म्हणून जाताना वाऱ्याला तोंड द्यायचं आणि येताना तो पाठीवर घ्यायचा, हा धावपटूंचा थंडीतला नेहमीचा हिशेब इथे आणखी कसोशीने पाळायचा, कारण परतताना मूल गार झालेलं असतं.

कपडे जाड नको, थर हवेत. फुगीर जाकीट घालून वरून पाच पट्ट्यांचा हार्नेस आवळला तर तो घट्ट वाटतो. प्रत्यक्षात त्याने कापूसच दाबलेला असतो आणि धक्का बसला की पट्टे सैल पडतात. पातळ लोकरी किंवा फ्लीसचे थर घालून हार्नेस आधी लावावा, खांद्यावर पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतका, आणि मग वरून ब्लँकेट किंवा पायांची पिशवी. ती पिशवी आणि पावसाचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, हे खरेदीच्या वेळी लक्षात ठेवावं. हाताची बोटं गार लागली म्हणजे मूल गारठलंच असं नाही. मानेमागे बोट घालून बघावं. कोरडं, उबदार लागलं तर ठीक, घामट लागलं तर एक थर कमी करावा, गार लागलं तर घरी परतावं. पावसाचं कव्हर वारा छान अडवतं, पण आत श्वासाची वाफ साचते, तेव्हा हवेच्या खिडक्या उघड्याच ठेवाव्यात आणि टपावरून दुपटं टाकून सगळं बंद करू नये.

वयाची अटही इथेच सांगायला हवी. धावण्यासाठी कंपनी किमान ६ महिने सांगते. प्रत्यक्षात मान पक्की धरलेली आणि बाळ आधाराशिवाय बसणारं हवं, आणि त्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारलेलं हवं. सगळी बाळं सहाव्या महिन्याला तिथे पोचतात असं नाही. तोवर ही गाडी चालण्यापुरती. आसन पुढेच तोंड करून आहे, त्यामुळे धावताना बाळाचा चेहरा दिसत नाही. टपातली खिडकी आहे तेवढाच आधार. दर दहा मिनिटांनी थांबून, समोर जाऊन बघावं.

सरावात तिची जागा कुठे? मंगळवारी आणि गुरुवारी ५ ते ६ किलोमीटर, बोलता येईल इतक्या वेगाने, दुपारच्या उजेडात, शक्य असेल तर मुलाच्या झोपेच्या वेळेला जोडून. घड्याळात नेहमीपेक्षा किलोमीटरमागे २०-३० सेकंद जास्त दिसले तरी चालेल, पेसच्या (किलोमीटरला लागणाऱ्या वेळेच्या) मागे लागायचं नाही. बुधवारचे इंटरव्हल आणि रविवारचे १४-१६ किलोमीटर गाडीशिवायच. वेगात धावताना पाऊल लांब पडतं, पाय मागच्या चाकांच्या मधल्या भागाला लागतो, आणि तो लागू नये म्हणून नकळत पावलं आखूड होतात. त्या पावलांनी केलेले इंटरव्हल कशाचाच सराव देत नाहीत. लाँग रनला तर मुलाचा धीरच पुरत नाही, थंडीत पाऊण तास म्हणजे खूप झालं. शनिवारी दोघेही धावणारे असतील तर अदलाबदल छान जमते : एकाने गाडी घेऊन ४ किलोमीटर निघायचं, दुसऱ्याने ठरलेल्या जागी भेटायचं, तिथून पहिला मोकळ्या हातांनी टेम्पो, म्हणजे न थांबता जलद धाव, करतो आणि दुसरा गाडी घेऊन परत येतो. दोघांच्या उंचीत फरक असेल तर दांडा तिथेच बदलावा. दांडा कोपराच्या थोडा खाली, साधारण बेंबीच्या वर हवा. त्यापेक्षा खाली असला की माणूस कमरेत वाकून ढकलतो आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते.

एका हाताने ढकलायचं, दुसरा हात नेहमीसारखा हलू द्यायचा आणि दोन-तीनशे मीटरांनी हात बदलायचा. चढावर दोन्ही हात. मनगटावरच्या घड्याळाला इथे फार मान देऊ नये : दांड्यावरचा हात हलत नाही, त्यामुळे पावलांचा आकडा चुकतो, आणि गार कातडी, आवळलेली मूठ यांमुळे नाडीचाही. आकडे हवेच असतील तर नाडी मोजणारा छातीचा पट्टा घ्यावा, नाहीतर श्वासावर भागवावं.

अंधारात धावणं टाळलेलंच बरं, पण संध्याकाळ गाठतेच. डोक्यावरचा दिवा गाडीसोबत निरुपयोगी ठरतो, कारण उजेड टपावर पडतो आणि नेमका पुढच्या चाकासमोर सावलीचा पट्टा राहतो. पांढरा दिवा गाडीच्या पुढच्या दांडीवर, खाली बांधावा. लाल दिवा धावणाऱ्याच्या पाठीवर लावावा. गाडीवर लावला तर मागून येणाऱ्याला धावणाऱ्याच्या अंगाआड तो दिसतच नाही. जमिनीवर गोठलेला थर असेल तर गाडी घरीच. ब्रेक कितीही चांगला असला तरी बूट घसरले की त्याचा उपयोग नाही.

उणिवाही आहेत. पाण्याची बाटली आणि फोन ठेवायला दांड्याजवळ जागा नाही, तो कप्पा वेगळा घ्यावा लागतो. म्हणून लोक दांड्याला पिशवी अडकवतात आणि मूल उचललं की गाडी मागे उलटते. सामान खालच्या टोपलीतच ठेवायचं. एका हाताने घडी होते हे खरं, पण घडी झाल्यावरही ती मोठीच राहते. छोट्या डिकीत मागची चाकं काढूनच बसते. रुंदी सुमारे ६९ सेंटिमीटर आहे, घराच्या आणि लिफ्टच्या दारांचं माप आधी घ्यावं. ओल्या रस्त्यावरून आल्यावर, विशेषतः बर्फ वितळवायला मीठ टाकलेलं असेल तर, चाकं, पायाचा ब्रेक आणि पुढच्या लॉकची जागा साध्या पाण्याने धुऊन पुसावी. मीठ आणि चिखल सुकून राहिला की आधी लॉक अडतो, मग ब्रेक.

पुढचं मॉडेल, अर्बन ग्लाइड ३, आल्यापासून वापरलेल्या अर्बन ग्लाइड २ गाड्या चांगल्या स्थितीत मिळू लागल्या आहेत, आणि दोन हिवाळ्यांसाठी वापरलेली घेणं शहाणपणाचं आहे. बघताना गादी-कापडावर वेळ घालवू नये. मागची चाकं धरून आडवी हलवावीत, खडखडाट आला तर बेअरिंग किंवा चाकाची बैठक झिजलीय. हातब्रेक पूर्ण पिळून गाडी ढकलावी, सोडल्यावर चाकं लगेच मोकळी फिरायला हवीत. हार्नेसचं बकल दहा वेळा लावून काढावं आणि पट्ट्यांच्या कडा उसवलेल्या नाहीत ना ते बघावं. शेवटी पुढचं चाक लॉक करून आणि आसनावर दहा किलोची गोणी पट्ट्यांनी बांधून, विक्रेत्याच्या दारातच शंभर मीटर धावून बघावं. दांड्यात थरथर जाणवली तर टायरची हवा आणि चाकाची बैठक तपासून पुन्हा धावावं. तरीही थरथरली तर घेऊ नये.