तीन नंबरची लाल-काळी जर्सी: भाच्यासाठी मागवलेल्या मिलानच्या जुन्या किटचा अनुभव

गेल्या सीझनला कोचनी भाच्याला फॉरवर्डवरून काढून लेफ्ट बॅकला, म्हणजे डावीकडच्या बचावाला टाकलं. चौदा वर्षांचं पोरगं, चार दिवस धड जेवलं नाही. "मामा, आता मी गोल कधी मारू?" एवढंच विचारायचा. मी स्वतः कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर अकरा वर्षं लेफ्ट बॅक खेळलोय, तेही उजव्या पायाचा असून. आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचे असतात, आमच्या तालमीच्या संघात डावऱ्या पायाचा कोणी नव्हता म्हणून मला तिकडं उभं केलं होतं. त्यामुळं त्याचं दुःख मला नेमकं कळत होतं. नुसतं बोलून उपयोग नव्हता. म्हटलं, इटलीच्या एसी मिलान क्लबच्या पावलो मालदिनीची जर्सी आणून देऊ. तोही उजव्या पायाचाच, आणि जग त्याला लेफ्ट बॅक म्हणून ओळखतं.

जुन्या डिझाइनच्या जर्सी शिवून देणारं एक ऑनलाइन दुकान मित्रानं सांगितलं. दुकानाचं नाव देत नाही, कारण पहिल्या पार्सलला चूक झाली आणि ती त्यांनी पुढं निस्तरली. जर्सी 1,450 रुपये, नंबर छापायचे 150 वेगळे. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर. मी लिहिलं, एसी मिलान, 1993-94, घरच्या मैदानावरची, पाठीवर फक्त 3, नाव नको. पलीकडून फोन आला, "सर, तीनच ना? दहा नंबर तयार आहे, उद्याच पाठवतो." तीनच पाहिजे, असं दोनदा सांगितलं. डिफेंडरच्या नंबरची जर्सी तयार ठेवत नाहीत, कारण कोणी मागतच नाही. हे त्यानंच सांगितलं आणि मला ते लागलं.

नवव्या दिवशी पार्सल आलं. कापड चांगलं, शिलाई चांगली, पण छातीवर प्रायोजक कंपनीचं नाव ओपेल आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत मालदिनी. मी फोटो पाठवून कळवलं की हे वर्ष चुकलंय. उत्तर आलं, "जुनंच आहे की सर, काय फरक पडतो?"

फरक पडतो. मिलानच्या छातीवर ओपेल आलं 1994-95 च्या सीझनपासून. त्याआधी दोन वर्षं तिथं मोट्टा होतं. आणि इटलीच्या लीगमध्ये पाठीवर खेळाडूचं नाव आणि वर्षभर एकच नंबर ही पद्धत 1995-96 ला सुरू झाली. त्याआधी सामन्याला उतरणाऱ्या अकरा जणांना एक ते अकरा नंबर जागेप्रमाणं मिळायचे, तीन म्हणजे लेफ्ट बॅक. म्हणजे त्या जर्सीवरचा 3 हा माणसाचा नंबर नव्हता, जागेचा होता. भाच्याला मला तेच दाखवायचं होतं. ज्या जागेवर उभं केलं म्हणून तू रडतोयस, त्या जागेचा हा नंबर आहे.

1993-94 चाच हट्ट का, तेही सांगतो. त्या वर्षी मिलाननं लीगच्या 34 सामन्यांत फक्त 36 गोल केले आणि तरी लीग जिंकली, कारण खाल्ले फक्त 15. गोलकीपर सेबास्तियानो रोस्सी सलग 929 मिनिटं गोल न खाता उभा राहिला. त्याच्यापुढं तास्सोत्ती, बारेझी, कोस्ताकुर्ता आणि मालदिनी. चार बॅकच्या जिवावर लीग जिंकता येते याचा याहून मोठा दाखला माझ्याकडं नाही.

हे सगळं मी त्या दुकानदाराला लिहून पाठवलं. त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं, कारण त्यानं ते वाचलं. संध्याकाळी फोन करून म्हणाला, "सर, परत पाठवा, मोट्टावाली नवीन करून देतो." परतीच्या कुरिअरचे 110 रुपये मात्र मला भरावे लागले. चूक त्यांची असताना ते माझ्याकडून घ्यायला नको होते. दुसरं पार्सल यायला आणखी सोळा दिवस लागले. कुणाच्या वाढदिवसासाठी मागवणार असाल तर महिनाभर आधी सांगा.

दुसरी जर्सी बरोबर आली. कापड जाडसर पॉलिस्टर, आतून मऊ. आपल्याकडच्या मार्चच्या उन्हात दुपारी घालण्यासारखं नाही, सकाळच्या सरावाला ठीक. लाल रंग विटकट नाही. बाजूच्या शिलाईला पट्टे अर्धा बोट सरकलेत, हात खाली असला तर दिसत नाही. दुकानाचं चिन्ह आतल्या पट्टीवरच आहे, बाहेर कुठं नाही, हे आवडलं. साइज लहान येते, एक साइज मोठी घ्या. नंबर शिवलेला नाही, गरम दाबून चिकटवलेला आहे. उलटी करून थंड पाण्यात धुवायची, नंबरावर इस्त्री फिरवायची नाही.

भाच्यानं जर्सी उघडली आणि पहिलं विचारलं, "ह्यानं गोल किती मारले?" मी सांगितलं, मिलानकडून 902 सामने, 33 गोल. त्यानं तिथंच मोबाइलवर भागाकार केला. "मामा, सत्तावीस सामन्यांत एक?" आणि जर्सी मांडीवर ठेवून दिली.

मग मी त्याला 18 मे 1994 ची युरोपियन कपची अथेन्सची फायनल लावून दिली, मिलान विरुद्ध बार्सिलोना. त्यात मिलान पांढऱ्या जर्सीत आहे, ते आधीच सांगून ठेवलं. बारेझी आणि कोस्ताकुर्ता दोघंही बंदीमुळं बाहेर, म्हणून मालदिनीला मध्ये आणलं होतं, फिलिप्पो गाल्लीच्या शेजारी. समोर रोमारिओ आणि स्टॉइचकोव्ह. भाच्याला म्हटलं, बॉल बघू नको, मालदिनीचे पाय बघ. अंग अर्धं वळवून उभा राहतो, कधी सपाट नाही. पास सुटायच्या आधी दोन छोटी पावलं टाकून झालेली असतात, त्यामुळं लोळण घेऊन बॉल काढायची वेळच कमी येते. मिलाननं 4-0 जिंकलं. मासारोचे दोन, साविचेविच आणि मार्सेल देसाई यांचा एकेक. गोल झाला की पोरगं उठून बसायचं, पण हळूहळू मधला खेळही थांबवून मागं नेऊन बघायला लागलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी, 17 जुलैला अमेरिकेत पॅसाडेनात वर्ल्ड कपची फायनल, इटली विरुद्ध ब्राझील. कोस्ताकुर्ता परत बंदीवर, मालदिनी परत मध्ये, समोर परत रोमारिओ. आपल्याकडं तेव्हा रात्रीचा एक वाजलेला. मी तेव्हा भाच्यापेक्षा लहान होतो आणि शेजारच्या काकांच्या घरी दूरदर्शनवर तो सामना पाहिला होता. 120 मिनिटं 0-0. अथेन्सची 90 धरली तर 210 मिनिटं, आणि रोमारिओला चालू खेळात एकही गोल नाही. पेनल्टीवर इटली हरली आणि काकांच्या घरात कोणी बोललं नाही. सगळे शेवटची पेनल्टी चुकवलेल्या बाज्जिओबद्दल हळहळत होते. मी मालदिनीकडं बघत होतो.

बाकीचं मी त्याला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. 20 जानेवारी 1985 ला उदिनेत सोळाव्या वर्षी मालदिनीचा पहिला सामना, मग 2009 पर्यंत 25 सीझन एकाच क्लबात. एका तालमीतनं दुसरीत गेलेल्या खेळाडूची चर्चा पेठेत वर्षभर चालते, त्यामुळं ह्या गोष्टीचं वजन कोल्हापुरात समजावून सांगावं लागत नाही. वडील चेझारे 1963 ला वेम्बलीत कॅप्टन म्हणून युरोपियन कप उचलून गेले, आणि 40 वर्षांनी 2003 ला मुलानं मँचेस्टरमध्ये तोच कप उचलला, तोही कॅप्टन म्हणूनच. असे पाच कप त्याच्या नावावर. 2005 ला इस्तंबूलच्या फायनलमध्ये पहिल्याच मिनिटाला त्यानं गोल मारला, आणि 3-0 पुढं असून मिलान ती लिव्हरपूलकडून हरलं. दोन वर्षांनी अथेन्समध्येच त्याच लिव्हरपूलला हरवलं, तेव्हा तो 38 वर्षांचा होता. इटलीकडून 126 सामने खेळून एकही मोठा कप मिळाला नाही. 2002 ला तो थांबला आणि 2006 ला इटली जिंकली. ते सांगताना मला आजही घशात दाटतं.

"आता हा नंबर कोण घालतं?" त्यानं विचारलं. कोणी नाही. मिलाननं तो काढून ठेवलाय, फक्त त्याच्या मुलांना तो घालायची मुभा ठेवली, पण मुलगा डॅनियल मुख्य संघात खेळला तेव्हा त्यानं 27 घातला. हे ऐकून पोरानं जर्सी परत हातात घेतली आणि पाठीवरच्या 3 वरून अंगठा फिरवला.

रविवारी सकाळी तो ती घालून सरावाला गेला. परत आला तेव्हा 3 च्या खालच्या टोकापर्यंत माती होती आणि उजव्या बाहीची शिलाई दोन टाके उसवली होती, कोणीतरी ओढली म्हणाला. माती थंड पाण्यात निघाली, नंबर जसाच्या तसा आहे. बाही बहिणीनं हातानं शिवली.