कंबरेत नस दबलीय: कोणतं इम्प्लांट चांगलं, आणि कधी कोणतंच नको

थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात, पाय जड होतात आणि पुढे वाकून टेकलं की मोकळं वाटतं. उतारवयात कंबरेतला मज्जामार्ग अरुंद झाल्याची ही नेहमीची खूण. मणक्यांमधली गादी बसते, मागचे सांधे जाड होतात, मणक्यांमधला पिवळा अस्थिबंध फुगतो. ताठ उभं राहिलं की तो आतल्या बाजूला दुमडतो आणि नस दाबतो.

या आजारावर सर्वात भरवशाचा उपाय आजही डीकम्प्रेशन म्हणजे दाब काढणारी शस्त्रक्रिया हाच आहे, आणि त्यात आत काहीच बसवावं लागत नाही. इम्प्लांटचा, म्हणजे आत बसवायच्या उपकरणाचा, विचार दाब काढून झाल्यावरच्या प्रश्नासाठी करायचा: मणका सरकतोय का? त्याचं उत्तर एमआरआयमध्ये सापडेलच असं नाही, कारण तो झोपवून काढतात. त्यासाठी उभ्याने, पुढे आणि मागे वाकवून काढलेले एक्सरे लागतात. ते न पाहता स्क्रू घालायचं ठरत असेल तर तिथेच थांबवून विचारा.

इम्प्लांटचा पहिला प्रकार मणक्याच्या मागच्या काट्यांमध्ये, म्हणजे पाठीवर हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकांमध्ये, बसणाऱ्या स्पेसरचा. तो दोन काटे थोडे फाकवून ठेवतो, म्हणजे कंबर त्या जागी किंचित वाकलेलीच राहते. त्यातला एक्स-स्टॉप २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला आणि २०१५ मध्ये बाजारातून गेला. स्वीडनच्या चाचणीत दोन वर्षांत एक्स-स्टॉपवाल्या २६ टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली, नुसतं डीकम्प्रेशन केलेल्यांत ६ टक्क्यांवर. त्यानंतरचा सुपेरियन छोट्या छेदातून नळीवाटे जातो आणि आत गेल्यावर त्याचे पंख उघडतात. मात्र त्याची मुख्य चाचणी एक्स-स्टॉपशीच तुलना करून झाली, डीकम्प्रेशनशी नाही. आमच्या मते ही मोठी उणीव आहे. मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही, आजार मध्यम आहे आणि वाकल्यावर खरोखर आराम पडतो, अशांसाठीच त्याचा विचार व्हावा. वाकूनही आराम पडत नसेल तर स्पेसरने काय साधणार?

स्पेसर फसतो तो बहुधा हाडामुळे. ठिसूळ हाडात काटाच मोडतो, आणि पहिल्या काही आठवड्यांत नवीच जागा दुखू लागते. म्हणून आधी डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजणारी, चाचणी करून घ्यावी. एल५-एस१ या पातळीवर, म्हणजे कंबरेचा पाचवा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी यांच्यामध्ये, स्पेसर बसत नाही, कारण एस१ चा काटा आधाराला पुरत नाही.

कोफ्लेक्स हा यू आकाराचा टायटॅनियमचा तुकडा. दाब काढून झाल्यावर तो दोन काट्यांमध्ये ठोकून बसवतात आणि त्याचे पंख हाडावर दाबून घट्ट करतात. एल१ ते एल५ मध्ये, म्हणजे कंबरेच्या पहिल्या ते पाचव्या मणक्यात, जास्तीत जास्त दोन पातळ्यांवर. नेदरलँड्समध्ये हाड न काढता नुसतं कोफ्लेक्स बसवून पाहिलं, तेव्हा पुन्हा शस्त्रक्रियेचं प्रमाण २९ टक्के आलं, डीकम्प्रेशनमध्ये ८ टक्के. म्हणजे दाब न काढता हे बसवण्यात अर्थ नाही.

मणका सरकलेला असेल तर बहुतेक ठिकाणी स्क्रू-रॉड आणि मधे पिंजरा घालून दोन मणके कायमचे जोडणं, म्हणजे फ्यूजन सुचवलं जातं. इथे घाई नको. नॉर्वेच्या २०२१ मधल्या चाचणीत एकाच पातळीवर मणका सरकलेल्या २६७ रुग्णांची तुलना झाली. दोन वर्षांनी ठोस सुधारणा नुसत्या डीकम्प्रेशनने ७१ टक्के रुग्णांत दिसली, फ्यूजन जोडलेल्यांत ७३ टक्के. फ्यूजनची खरी गरज वाकल्यावर मणका जास्त हलत असेल, पाठीचा बाक बिघडला असेल किंवा दाब काढताना सांध्याचा मोठा भाग गेला असेल तेव्हा. स्क्रू ढिला पडला की एक्सरेत त्याच्याभोवती काळी कड दिसते. हाड ठिसूळ असेल तर छिद्रं असलेला स्क्रू घालून त्यातून हाडाचं सिमेंट भरतात. धूम्रपान चालू असेल तर हाड जुळण्याची शक्यता घटते. आणि जुळलं तरी वरच्या-खालच्या गादीवर ताण वाढतो, तो काही टळत नाही.

टॉप्स हा काढलेल्या सांध्याच्या जागी बसणारा हलता सांधा २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. कल्पना चांगली आहे, पण तोही स्क्रूवरच टेकतो, म्हणून हाड मजबूत हवंच.

शस्त्रक्रिया झाल्यावर वेष्टनावरचा स्टिकर मागून घ्या. त्यावर मॉडेल, माप आणि लॉट क्रमांक असतो. पुढे एमआरआय करताना किंवा पुन्हा उघडायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो.