नाव १०५० टीआयचं, चिप २०१० सालची

जीटीएक्स १०५० टीआय म्हणून घेतलेलं ग्राफिक्स कार्ड लावलं की डिस्प्ले येतो. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर कार्डाचं नाव बरोबर, ४ जीबी मेमरीही बरोबर. डेस्कटॉपवर किंवा व्हिडिओ बघताना काहीच तक्रार नाही. गेम लावला की मात्र काही मिनिटांत स्क्रीन काळी होते, निळी होते, नाहीतर मशीन सरळ हँग. इथून पुढे घेणारा काय करतो यावरच विकणाऱ्याची सगळी भिस्त असते, आणि घेणारा लागतो दुरुस्तीला. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतो, सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर मुळापासून पुसणारं सॉफ्टवेअर) चालवतो, विंडोज नव्याने टाकतो, मग एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर) संशय घेऊन तोही बदलतो. विकणारा फोनवर मोठ्या आपुलकीने एकेक उपाय सुचवत राहतो. या सगळ्यात माल परत करायची मुदत निघून जाते. कार्ड बिघडलेलं नसतंच, ते मुळात दुसरंच कार्ड असतं.

जीटीएक्स १०५० टीआय या नावाने फिरणाऱ्या बनावट कार्डांवर बऱ्याचदा जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयची चिप सापडते. ही एनव्हिडियाची फर्मी पिढी, २०१०-११ सालची. जुन्या चिपला कोरा दिसणारा बोर्ड आणि नवा पंखा लावायचा, कार्डाच्या बायोसमधला (कार्डावरच साठवलेल्या सॉफ्टवेअरमधला) डिव्हाइस आयडी, नाव आणि मेमरीचा आकडा बदलून फ्लॅश मारायचा, की काम झालं. विंडोज कार्डाचं नाव ठरवतं ते याच आयडीवरून. त्यामुळे विकणाऱ्याने पाठवलेला डिव्हाइस मॅनेजरचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून शून्य किमतीचा.

खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ क्युडा कोअर (चिपमधली गणित करणारी छोटी एककं), ४ जीबी जीडीडीआर५ मेमरी आणि ७५ वॅटची मर्यादा. जीटीएस ४५० मध्ये १९२ कोअर, बहुतेक कार्डांवर १ जीबी मेमरी, आणि वीज मात्र १०६ वॅटपर्यंत. मेमरी बस दोन्हींची १२८ बिट, त्यामुळे तेवढा एक आकडा जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका. गेम का पडतो तेही यातच आहे. बायोस ४ जीबी सांगतो, गेम त्यावर विश्वास ठेवून टेक्श्चर (दृश्यातल्या पृष्ठभागांची चित्रं) भरत जातो, आणि खरी मेमरी संपली की पुढच्या पत्त्यावर मेमरीची चिपच नसते. टेक्श्चर लो ठेवल्यावर तोच गेम तग धरतो, हाय केल्यावर हमखास पडतो, असं दिसलं की ड्रायव्हरच्या मागे लागणं थांबवा आणि कार्डाची ओळख तपासा.

त्यासाठी कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर स्वतः डाउनलोड करा. विकणाऱ्याच्या पेन ड्राइव्हमधलं किंवा त्याच्या लिंकवरचं वापरू नका. २०१८ च्या २.१२ आवृत्तीपासून हे सॉफ्टवेअर बायोसमधलं नाव आणि प्रत्यक्ष चिप यांचा मेळ घालून बघतं, आणि तो बसला नाही तर नावाच्या आधी चौकटी कंसात ‘फेक’ असं दाखवतं. त्याआधीची आवृत्ती मुद्दाम देणारे महाभाग आहेत. खऱ्या १०५० टीआयवर चिपचं नाव जीपी१०७, टेक्नॉलॉजी १४ नॅनोमीटर, शेडर (म्हणजे वरचे क्युडा कोअरच) ७६८ असं दिसायला हवं. ४० नॅनोमीटर दिसलं तर विषय संपला. खालच्या ओळीतल्या व्हल्कनच्या (नव्या गेमना लागणाऱ्या ग्राफिक्स प्रणालीच्या) चौकोनावरही नजर टाका. फर्मीला व्हल्कन चालतच नाही, त्यामुळे तिथे टिक नसेल. तसंच स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या ओबीएस सॉफ्टवेअरमध्ये एनव्हेंक हा एनव्हिडियाचा व्हिडिओ एन्कोडर निवडायला येतो का ते बघा, कारण ते हार्डवेअर फर्मीनंतरच्या केप्लर पिढीपासून पुढेच आहे. बायोसमध्ये नाव बदलून चिपमध्ये एन्कोडर उगवत नाही.

दुसरी खूण ड्रायव्हरची. ‘आम्ही दिलेलाच ड्रायव्हर टाका, अपडेट करू नका’ अशी सूचना आली की कान टवकारा. फर्मीसाठीचा शेवटचा गेम रेडी ड्रायव्हर ३९१.३५, मार्च २०१८ चा. त्या काळच्या ड्रायव्हरमध्ये फर्मी आणि पास्कल (१०५० टीआयची पिढी) दोन्ही सामावलेल्या होत्या, म्हणून बनावट कार्ड त्यावर खपून जातं. त्यानंतरच्या, पण १०५० टीआयला चालणाऱ्या ड्रायव्हरमधून फर्मी वगळलेली आहे. तो टाकला की आयडी ओळखला जातो, पण समोरची चिप भलतीच निघते, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ (विंडोजने कार्ड थांबवल्याची सूचना) येतो किंवा डिस्प्लेच जातो. आता कोड ४३ खऱ्या पण खराब कार्डावरही येतो, तेव्हा एवढ्यावरून कोणाला चोर ठरवू नका. जीपीयू-झेडचे आकडे सोबत हवेतच.

बाहेरून बघायचं तर मागची पट्टी बघा. पास्कल पिढीने अॅनालॉग आउटपुट सोडून दिलं, त्यामुळे १०५० टीआयवर व्हीजीए पोर्ट दिसला तर शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा घोळ आहे. सहा पिनी पॉवर कनेक्टर मात्र काही खऱ्या मॉडेलवरही असतो. हीटसिंक काढून चिपवरचं कोरीव नाव वाचता येतं, खऱ्यावर जीपी१०७-४०० असतं, पण स्क्रू उघडले की परतावा नाकारायला निमित्त मिळतं. तो उपाय सगळ्यात शेवटी.

याच जातीचा एक सौम्य प्रकार म्हणजे अर्धसत्य. आरएक्स ५८० म्हणून विकलेलं कार्ड २०४८एसपी निघतं. ते बनावट नाही, एएमडीनेच काढलेलं आहे, पण मूळ ५८० मध्ये २३०४ शेडर आहेत आणि यात आरएक्स ५७० इतके, म्हणजे २०४८. जीटीएक्स १०६० ची ३ जीबी आवृत्ती नुसती मेमरीने कमी नाही, तिच्यात कोअरही १२८० ऐवजी ११५२ आहेत. जाहिरातीत नुसतं नाव असेल तर शेडरचा आकडा लेखी विचारून घ्या.

आता खरं कार्ड, पण भाजलेलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं ग्राफिक्स कार्डावरचं मायनिंग बंद झालं आणि सेकंडहँड कार्डांचा पूर आला. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही. पंखे आणि थर्मल पॅड बदलून ते वर्षानुवर्षं चालू शकतं. फसवणूक होते ती मेलेल्या कार्डाला हॉट एअर मारून तात्पुरतं जिवंत केल्यावर. उष्णतेने आतला तुटलेला जोड काही काळ धरतो, मग कार्ड पुन्हा तापून थंड होत राहिलं की तो सुटतो. म्हणून अशा विकणाऱ्याचं मशीन तुम्ही पोचता तेव्हा आधीपासूनच चालू असतं. केबिनेटच्या मागे हात धरा. गरम हवा येत असेल तर मशीन बंद करायला सांगा आणि कार्ड हाताला गार लागेपर्यंत थांबा. मग चालू करताना मदरबोर्डचा लोगो आणि बायोसची स्क्रीन नीट बघा. तिथेच गुलाबी-हिरवे ठिपके किंवा चौकटी दिसल्या तर विंडोजचा ड्रायव्हर अजून लोडही झालेला नाही, दोष कार्डात आहे. नंतर मेमटेस्ट व्हल्कन या कार्डाची मेमरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची पाच मिनिटांची चाचणी, अर्धा तास गेम, आणि पुन्हा गार करून एकदा सुरू. घाई करणाऱ्याला नमस्कार करून निघा.

दुरुस्तीला टाकताना बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो आणि सिरीयल नंबर आधी घ्या. ‘चिप गेली’ हे निदान मान्य करण्यापूर्वी मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला तर लागली नाही ना, आठ पिनी कनेक्टर खटकन बसलाय ना, एवढं बघा. आणि ‘बंद आहे, जसं आहे तसं’ म्हणून विकलं जाणारं महागडं कार्ड घेऊच नका. हीटसिंकखालची मुख्य चिप (जीपीयू) काढून घेतलेली आरटीएक्स ४०९० कार्डं दुरुस्तीवाल्यांकडे आलेली आहेत.

बनावट कार्ड हाती आलंच, तर तक्रारीत ‘गेम हँग होतो’ किंवा ‘ड्रायव्हर प्रॉब्लेम’ असं लिहू नका; त्यावर उत्तर म्हणून आणखी उपायांची यादी येते. ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ असं लिहा, खाली जाहिरातीतलं नाव आणि जीपीयू-झेडमधली चिप, नॅनोमीटर आणि शेडर समोरासमोर मांडा. सोबत अखंड व्हिडिओ द्या: सिरीयल नंबरचं स्टिकर, ते कार्ड स्लॉटमध्ये बसवताना, आणि त्याच मशीनवर उघडलेलं जीपीयू-झेड. मधे कुठेही कट नको, कारण कार्ड तुम्हीच बदललं, हा त्यांचा पहिला आक्षेप असतो.