जुनी स्टेशन वॅगन विकताय? 'तपासणीला नेतो' म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, घरचे म्हणतात कशाला चारचौघात सांगायचं, पण परवा कळलं की मला फसवणारा माणूस अजून एका जुन्या जीपवाल्याकडे जाऊन आलाय, म्हणून लिहितेय. क्यूआर कोड स्कॅन करायला लावणारे, आर्मीत ऑफिसर आहे म्हणून फोन करणारे, ते सगळं मला माहीत होतं आणि त्यातल्या एकालाही मी भीक घातली नाही. इथे टोकन खरोखर खात्यात आलं होतं, माणूस समोर बसून चहा पिऊन गेला होता. त्याला गाडी नको होतीच, गाडीच्या आतला माल हवा होता.

गाडी अण्णांची, म्हणजे वडिलांची. 1957 ची विलीज कंपनीची जीप स्टेशन वॅगन, फोर बाय फोर, पुढची काच दोन तुकड्यांची (एकसंध काच 1960 ला आली, त्यामुळे जाणकार लांबूनच ओळखतो), मागचं दार अर्धं वर अर्धं खाली उघडणारं, आणि मुख्य म्हणजे मूळचं हरिकेन पेट्रोल इंजिन. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या जीपांमध्ये डिझेल इंजिनं कधीच बसली, अण्णांनी ते होऊ दिलं नाही. रंग उडालेला, खालचा पत्रा सडलेला, सीटा फाटलेल्या, पण नट न नट जिथल्या तिथे. रिस्टोअर न केलेल्या गाडीचे पैसे त्याचेच मिळतात. रंग आणि पत्राकाम काय, कुणीही करून देतं, पण मूळ नंबरचं इंजिन, स्पायसर 18 चा ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्समागची पेटी, जी पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटते), पुढचा फोर व्हीलचा अॅक्सल, हे गेलं की गेलं.

अण्णा गेल्यापासून गाडी शेडमध्ये उभी. जो येईल तो भंगाराचा भाव सांगायचा. हा पहिला माणूस जो बॉनेट उघडल्यावर गाडीबद्दल आदराने बोलला. "ताई, धूसुद्धा नका, आहे तशीच राहू द्या, धुतली की किंमत कमी होते." सौदा 9,40,000 ला ठरला, फार घासाघीसही केली नाही. 51,000 टोकन त्याने तिथल्या तिथे यूपीआयने पाठवलं आणि 8,89,000 चा चेक लिहून दिला, तपासणी झाली की भरा म्हणाला. तपासणी कसली, तर त्याच्या ओळखीचा जाणकार मेकॅनिक इंजिन-चेसिस नंबर कागदांशी जुळवून बघणार आणि मग विंटेज रजिस्ट्रेशनचं बघणार. आता हे मला पटलं, कारण ते खरंच तसं आहे! 2021 च्या जुलैमध्ये केंद्राने नियम काढलेत, 50 वर्षांवरची गाडी, मूळ स्वरूपात असलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसलेली, 20,000 रुपये फी, 10 वर्षांचं रजिस्ट्रेशन, नंबरात 'व्हीए' अक्षरं. मी स्वतः वाचलं होतं. खऱ्या नियमाच्या आडून कुणी खोटं बोलेल असं कुणाच्या डोक्यात येतं?

पण एक क्षण होता आणि तो मला रात्री झोपू देत नाही. तो गाडीखाली सरपटत गेला, बॉडीचे मोजून दोन फोटो आणि खालून ट्रान्स्फर केसचे ढीगभर, आणि मग हात पुसत अगदी सहज विचारलं, "इंजिन ब्लॉकवरच्या नंबरचे फोटो आहेत का हो तुमच्याकडे? आधी कुणी काढलेत?" मी म्हटलं नाहीत. "काही हरकत नाही, मी काढतो." हा प्रश्न विकत घेणारा कशाला विचारेल? त्याला नंबर हवा असता तर तो समोर होता, वॉटर पंपाच्या मागे ब्लॉकवर ठोकलेला. त्याला एवढंच पाहायचं होतं की आमच्याकडे पुरावा आहे की नाही. मला वाटलं कागदपत्रांसाठी विचारतोय. कुणालाही तेच वाटलं असतं, शेजारी माझा भाऊ उभा होता, त्यालाही तेच वाटलं.

फ्लॅटबेड ट्रकवर गाडी गेली. ताबा पावतीवर त्याने लिहिलं, 'जुनी स्टेशन वॅगन, नादुरुस्त, आहे त्या स्थितीत तपासणीसाठी'. काय काय बसवलेलं आहे त्याची यादी नाही. (यादी करा! इंजिन नंबर, चेसिस नंबर, फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरची) प्लेट, ट्रान्स्फर, दोन्ही अॅक्सल, डायनामो, कार्ब्युरेटर, मीटर, सगळं लिहा, फोटो काढा, त्याची सही घ्या.)

मग फोन बंद-चालू, बंद-चालू, आणि एक दिवस उलटा आवाज. इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही, तुम्हीच मला फसवताय, सौदा कॅन्सल, चेक भरू नका. गाडी हवी असेल तर टोकनचे 51,000, फ्लॅटबेडचे दोन्ही वेळचे 18,500 आणि तपासणीचे 12,000, एकूण 81,500 पाठवा. मी पाठवले. कारण गाडी त्याच्या शेडमध्ये, शेड हायवेला कुठेतरी, पत्ता फक्त त्यालाच माहीत.

गाडी रात्री अंधारात उतरवली. बाहेरून तीच. सकाळी आमच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि काही बोललेच नाहीत. इंजिन दुसऱ्याच कुठल्यातरी जीपचं, नंबर ग्राइंडर मारून घासलेला. ट्रान्स्फर केस नाही, साधा टू व्हीलचा गिअरबॉक्स. पुढचा अॅक्सल नुसता पोकळ, आत काही नाही. मीटरसुद्धा गेलं. मिस्त्रींनी हिशोब केला, तसाच माल शोधून परत बसवायचा तर 3,60,000 पुढे, आणि तरी मूळ नंबर परत येणार नाही. आता गाडीला 1,10,000 सांगतात.

पोलीस स्टेशनला गेले तर पहिला प्रश्न, "गाडी परत मिळाली ना?" मग हा दिवाणी वाद आहे. ताबा पावती वाचून म्हणतात, "यात नादुरुस्त लिहिलंय, तुम्ही सही केलीये." अहो नादुरुस्त म्हणजे इंजिन काढून न्या असं होतं का? अर्ज घेतला, शिक्का मारला, एफआयआर नाही. पुन्हा गेले तर साहेब बंदोबस्तात, त्यानंतर ज्यांनी अर्ज घेतला त्यांची बदली, नवीन साहेबांना पहिल्यापासून सांगा. एकाने तर हसून विचारलं, साठ वर्षांच्या गाडीचं इंजिन कोण चोरतं ताई? आरटीओत गेले तर त्याहून कहर. तिथे टेबलावरच्या माणसाने सांगितलं की इंजिन नंबर घासलेला असेल तर तो गुन्हा आहे आणि गाडी तुमच्या नावावर आहे. म्हणजे चोरी माझ्याकडे झाली आणि जाब मला! इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर करा म्हणे, त्याला इंजिनाचं बिल आणा. कुणाचं बिल आणू? विंटेजचं तर विसराच, इंजिन बदललेलं.

वकिलांनी सांगितलं ते लिहून ठेवा. विश्वासाने दिलेली वस्तू अशी गिळली तर तो न्यायसंहितेच्या 316 मधला फौजदारी विश्वासघात आहे आणि 318 मधली फसवणूक आहे, दिवाणी म्हणून उडवून लावू देऊ नका. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) 173(4) खाली एसपींना पोस्टाने पाठवा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलंय, पोचपावती जपून ठेवलीये.

अजून एक, त्याने फॉर्म 29 आणि 30 वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) कोऱ्या सह्या मागितल्या होत्या, त्या मी दिल्या नाहीत, एवढं तरी वाचलं. पूर्ण पैसे खात्यात जमा होऊन बँकेकडून खात्री होईपर्यंत सही नाही, चावी नाही. चेक म्हणजे पैसे नाहीत. मेकॅनिक आणायचा तर त्याने तुमच्या दारात आणावा, दिवसा, तुमचा माणूस शेजारी उभा ठेवून. आणि नंबरचे फोटो आजच काढा, गाडी विकायची असो नसो.

आमच्या ट्रान्स्फरच्या दोन दांड्यांपैकी छोट्याला अण्णांनी पितळेची मूठ बसवून घेतली होती, तिच्यावर फाइलने मारलेल्या तीन आडव्या खुणा आहेत. असा स्पायसर 18 किंवा कागद नसलेलं हरिकेन इंजिन कुणी विकायला आणलं तर घेऊ नका, आणि मला कळवा.